अप्पांच्या पाठीवरचा सूर्य

सोलापुरात सूर्य बघायला दुर्बीण लागते हे कळल्यावर माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा मला घाबरली. तोवर ती मला नुसता विसरभोळा समजत होती. "ज्याच्यापायी अख्खं गाव दुपारी दारं लावून बसतं, त्याला तुम्ही भर बारा वाजता गच्चीवर चढून शोधता? तो काय हरवलाय?" असं तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं. मी म्हटलं, तो स्वतःभोवती कसा फिरतो ते मोजायचंय. त्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हटल्यावर ती आणखीच काळजीत पडली.

एकोणीसशे तीसनंतरची ती दोन-चार वर्षं. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. सायन्स शिकवणं म्हणजे मास्तरांनी फळ्यावर आकृती काढायची आणि मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. प्रयोगशाळा होती, पण जिन्याखाली. तिथे एक कपाट, टाचणीचीही ओढ न उरलेलं एक लोहचुंबक आणि काही काचेच्या नळ्या होत्या. नळ्या फुटतील म्हणून कपाटाबाहेर कधी येत नसत. आणि या सगळ्या दैन्यात एक झकपक पितळी दुर्बीण उभी होती. ती तिथे कशी आली, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका गिरणीतला इंग्रज इंजिनिअर पेन्शन घेऊन मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन तिथे कोच घ्यायला गेले होते. सुताचे मोठे व्यापारी, लिंगायत, घरात कानडी आणि दुकानात मराठी. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. कोच दुसऱ्याच कुणी नेला, म्हणून रिकाम्या हाती परत कसं जायचं या विचारानं अप्पांनी दुर्बीण घेतली. त्यांच्या बंगल्याच्या सज्जातून सिद्धेश्वराचं तळं आणि देऊळ दिसायचं. सगळं घर जमवून अप्पांनी दुर्बिणीतून देवदर्शन घ्यायचं ठरवलं, डोळा लावला आणि दचकून मागे सरले. देवळाचं शिखर खाली, तळं वर, आणि भाविक मंडळी खाली डोकं वर पाय करून प्रदक्षिणा घालत होती.

तारे बघायच्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. ताऱ्यांची त्याला हरकत नसते. पण अप्पांना हे सांगणार कोण? त्यांनी देवापुढे नारळ फोडला, नळीला विभूती लावली आणि दुसऱ्याच दिवशी दुर्बीण शाळेत पाठवून दिली. सोबत आपल्या नावाची पितळी पाटी पाठवायला मात्र ते विसरले नाहीत. "मास्तर, ही बिघडल्याली हाय. हिला देव उलटा दिसतुया. पोरांना शिकायला चालंल की," असं ते मला म्हणाले. मुलांना शिकायला बिघडलेलंच चालतं, हे आमच्या कमिटीचं जुनं धोरण होतं.

मी ती दुर्बीण गच्चीवर नेली आणि सूर्याला लावली. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावून बघायचं नसतं, बघणारा आंधळा होतो. म्हणून नळीच्या मागे हातभर अंतरावर पांढरा कागद धरायचा. सूर्याचं बिंब त्यावर उमटतं, चांगलं थाळीएवढं. त्यावर काळे डाग असले तर तेही उमटतात. रोज त्याच वेळी डागांवर पेन्सिलीनं ठिपके काढले की डाग सरकताना दिसतात, म्हणजे सूर्य फिरताना दिसतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. गंमत पुढे आहे. जातं फिरतं तेव्हा त्याचा मधला भाग आधी आणि कडेचा नंतर अशी फेरी होत नाही, वरचा सगळा दगड एकदमच फिरतो. सूर्य हा काही दगड नव्हे. तो तापलेल्या वायूचा गोळा आहे, आणि त्याचं वातावरण सगळीकडे एका वेगानं फिरत नाही. मधल्या पट्ट्यातलं, म्हणजे विषुववृत्ताजवळचं, फेरी लवकर पुरी करतं. वर आणि खाली ध्रुवांकडे जावं तसतसं ते रेंगाळत जातं. हे मी परदेशातून आलेल्या एका पुस्तकात वाचलं होतं आणि वाचल्यापासून मला चैन नव्हतं. एवढा मोठा सूर्य, आणि त्याचं पोट पुढे आणि खांदे मागे! मला ते आपल्या डोळ्यांनी, सोलापुरातल्या गच्चीवरून बघायचं होतं. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती. एक डाग मधल्या पट्ट्यात आणि दुसरा बराच वरच्या अंगाला, असे दोन एकाच वेळी दिसायला हवे होते. मग त्यांची शर्यत बघायची.

हेडमास्तरांना हे मुळीच पसंत नव्हतं. "पाठ्यपुस्तकात सूर्याच्या फेरीचा एकच आकडा दिलाय. तुम्ही त्याचे दोन केलेत तर मुलांनी परीक्षेत कुठला लिहायचा?" असं त्यांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, जागा सांगून दोन्ही लिहायचे. ते म्हणाले, "एकाच संस्थेत दोन वेग? अशानं शिस्त राहत नाही." त्यांच्या डोळ्यांपुढे सूर्य नव्हता, आमची स्टाफरूम होती, हे मला नंतर उमगलं.

त्यात मी वरच्या वर्गासाठी नोटिसबोर्डावर लिहिलं, 'सूर्यावरील डाग पाहण्यास या'. तीस सालच्या चळवळीत सोलापुरावर लादलेला मार्शल लॉ उठून फार काळ लोटला नव्हता आणि साध्या वेशातला एक पोलीस दर आठवड्याला आमचा बोर्ड वाचून जायचा. साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असं जे सरकार म्हणतं, त्याच्या डोळ्यांदेखत सूर्यावर डाग दाखवायचे म्हणजे काय, असं म्हणत हेडमास्तर घामाघूम झाले. त्यांनी स्वतःच्या हातानं 'डाग' पुसून 'खुणा' लिहिलं. पोलिसानं ते वाचलं, तोही गच्चीवर येऊन कागद बघून गेला. त्या दिवशी एकही डाग नव्हता. त्याचं समाधान झालं.

हेच माझं दुखणं होतं. डाग नव्हतेच. सूर्यावर डागांची भरती-ओहोटी असते. साधारण अकरा वर्षांचं ते चक्र, आणि माझ्या नशिबी नेमकी ओहोटी आली होती. पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. रोज मधल्या सुट्टीत मी गच्चीवर कागद धरून बसे आणि रोज कागदावर स्वच्छ, गुळगुळीत, काहीही न सांगणारा गोळा उमटे. हेडमास्तर एकदा वर येऊन म्हणाले, "सुधारलेला दिसतोय."

याच सुमाराला अप्पा व्यापाराच्या कामानं पुण्याला गेले. तिथल्या एका चष्मेवाल्यानं त्यांना सांगितलं की दुर्बीण बिघडलेली नाही, आत एक जादा भिंगाचा तुकडा बसवला की चित्र सरळ होतं. अप्पांनी तुकडा तिथेच विकत घेतला आणि शाळेला निरोप धाडला, "गड्ड्याच्या आत दुर्बीण घरी पोचती करा." संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक अप्पांना आपल्या सज्जातून पाहुण्यांना दाखवायची होती. दान दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसत नाही म्हणून कमिटीनं ठराव केला, की दुर्बीण 'दुरुस्तीसाठी' दात्याकडे पाठवावी.

मी हबकलो. गड्ड्याला महिना-सव्वा महिना राहिला होता आणि सूर्यावर ठिपका नव्हता. एका बाजूनं सूर्य साथ देत नव्हता, दुसऱ्या बाजूनं अप्पा थांबणार नव्हते. इतका राग मला इन्क्रिमेंट अडवलं तेव्हाही आला नव्हता.

आणि एके दिवशी ते आले. बिंबाच्या कडेला एक ठिपका, नेमका मधल्या पट्ट्यात. त्याच्यापासून बराच वर, खांद्यावर, दुसरा. दोघंही जवळजवळ एका उभ्या रेषेत होते. मी कागद पुन्हा पुन्हा पुसला, भिंग पुसलं, कचरा आहे की काय म्हणून नळी फिरवून पाहिली. डाग जागेवरून हलले नाहीत. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी तिथल्या तिथे एक गिरकी मारून घेतली.

पुढचे दोन आठवडे मी फक्त त्या मधल्या सुट्टीसाठी जगत होतो. सोलापूरच्या थंडीतलं आकाश, ढगाचं नाव नाही. पहिले काही दिवस दोघं बरोबरीनं चालले. मग मधला जरा पुढे सरकला. मग आणखी. बिंबाच्या मध्यावर येईतो तर नुसत्या डोळ्यांना कळावं इतका फरक पडला. मधला झपाझप निघाला होता आणि वरचा, कमिटीच्या मीटिंगला निघालेल्या सभासदासारखा, आपल्या सवडीनं येत होता. पुस्तकात होतं ते खरं होतं आणि ते मला माझ्या शाळेच्या गच्चीवर दिसत होतं. त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

डाग पलीकडच्या कडेवरून दिसेनासे झाले तेव्हा माझ्याकडे बारा चित्रं झाली होती. पण आता मला आणखी हाव सुटली. मोठे डाग टिकतात. सूर्याच्या पाठीमागून फेरी पुरी करून ते पुन्हा अलीकडे आले, तर आधी कोण येईल? मधला आधी आला, वरचा मागाहून आला, तर शर्यतीचा निकाल अगदी पक्का लागणार होता. ते येणार होते बरोबर संक्रांतीच्या आसपास, म्हणजे दुर्बीण अप्पांच्या सज्जात गेल्यावर.

मग हेडमास्तरांनीच तोड काढली. त्यांना माझी दया आली असं मी समजत नाही. गॅदरिंगच्या प्रदर्शनात मांडायला त्यांच्याकडे काही नव्हतं. "तुमची चित्रं मोठी करून हॉलमध्ये लावा. अप्पांना पटवा की दुर्बीण इथे कामाची आहे. पटलं तर ते ठेवतील," असं ते म्हणाले. मोठी चित्रं काढायचं काम ड्रॉइंग मास्तरांकडे गेलं. ते तेलुगू विणकरांच्या घरातले, हात देखणा, मनानं सरळ. त्यांनी घरच्या मागावरचं लांबरुंद पांढरं कापड आणलं आणि माझी बारा चित्रं घेऊन ते कामाला लागले. पुरं होईतो कुणाला बघू देत नसत. मीही घाई केली नाही.

गॅदरिंगच्या दिवशी अप्पांच्या हस्ते पडदा ओढला गेला. कापडावर बारा सूर्य झळकत होते. हळदीसारखे पिवळे, भोवती ज्वाळांची झालर, प्रत्येकाला नाक, डोळे आणि पीळदार मिशा. चित्रं बारा म्हटल्यावर ते बारा आदित्यच असणार, हे ड्रॉइंग मास्तरांनी गृहीत धरलं होतं. मी खाली तारखा घातल्या होत्या त्या जागी त्यांनी सूर्यनमस्काराची बारा नावं सुबक अक्षरात लिहिली होती: मित्र, रवी, सूर्य, भानू आणि पुढची सगळी. आणि माझे डाग? सूर्यनारायणाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण बरे दिसणार नाहीत म्हणून त्यांनी वरचा डाग कपाळावर गंधाच्या जागी नेला होता आणि मधला डाव्या गालावर तीट म्हणून लावला होता. बाराही चेहऱ्यांवर गंध गंधाच्या जागी, तीट तिटेच्या जागी. कुठेही केसभर फरक नाही.

मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "हे काय केलंत?"

"सर, रोज तुमचा हात थोडा थोडा हलत होता. मी दुरुस्त केलं," ते हळूच म्हणाले. माझी चूक चारचौघांत सांगायला नको म्हणून त्यांनी आवाज उतरवला होता. त्यांच्यावर रागवायला मला जमेना.

अप्पांनी बाराही सूर्यांना हात जोडले. मग ते माझ्याकडे वळले. "लई झ्याक काडलंय. पर मास्तर, तुमचा सूर्य तर हालतच न्हाय की!"

हॉल हसला. हेडमास्तर तर जरा जास्तच हसले. दुर्बीण हातची चालली होती, आणि तीही तीट लावल्यामुळे. मी ड्रॉइंग मास्तरांकडून माझे मूळ कागद मागून घेतले, टेबलावरचे हारतुरे बाजूला सारले आणि बाराही कागद ओळीनं मांडले. "अप्पा, इथे बघा. हा पहिला दिवस. दोघं बरोबर आहेत. आता मधल्याकडेच लक्ष ठेवा," असं म्हणून मी एकेका कागदावर बोट ठेवत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, पण वर्गात इतकं चांगलं मी कधी शिकवलं नसेन.

अप्पा वाकून बघत राहिले. शेवटच्या कागदापर्यंत गेले, परत पहिल्याशी आले. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी पोट फुडं चाललंय आन् खांदं मागं ऱ्हायल्यात?"

"अगदी बरोबर!"

"व्हय की!" त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "हितं बी तसंच हाय!" आणि ते मनापासून हसले. सबंध कमिटीत सूर्याचं फिरणं ज्याला कळलं असा तो एकटाच माणूस. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मास्तर, येवड्या लांबचं येवडं बारीक दावती म्हंजी दुर्बीण लई भारी हाय," अप्पा म्हणाले. "मी समजत हुतो खेळणं हाय. असली वस्तू शाळंत ठिवून पोरांच्या हातानं मोडून घ्यायची व्हय? उद्या गडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी गडी आला. त्यानं दुर्बीण खांद्यावर टाकली तेव्हा मी वर्गात होतो. खिडकीतून नळीचं टोक फाटकाबाहेर जाताना दिसलं आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाचच एक आकृती काढत राहिलो. बारा सूर्यांचं कापड हॉलमध्ये कायमचं टांगण्यात आलं. ते बघून आमच्या शाळेतली मुलं वर्षानुवर्षं सूर्याची गती शिकली.

गड्ड्याच्या दिवशी अप्पांकडून आम्हा मास्तरांना तिळगुळाचं आमंत्रण आलं. मी जाणार नव्हतो. पण संक्रांत होती, डाग यायची वेळ झाली होती, आणि दुर्बीण तिथे होती. पाय आपोआप वळले.

दुर्बीण सज्जात उभी होती, हळदकुंकू लावलेली, गळ्यात झेंडूची माळ. नवा तुकडा बसवलेला होता. "बगा मास्तर, देव सरळ झाला," म्हणून अप्पांनी मला डोळा लावायला दिला. काठ्या डौलात चालल्या होत्या, पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या मानकऱ्यांची गर्दी, देवळाचं शिखर वर आणि तळं खाली. सुंदर दिसत होतं. मला ते कबूल करणं जड गेलं.

दुपार कलली. पाहुण्यांचं बघून झालं आणि सगळे हॉलमध्ये तिळगूळ घ्यायला वळले. अप्पा सज्जाच्या दारातच उभे राहिले, हातात चांदीचं ताट, तोंड हॉलकडे. ऊन त्यांच्या पाठीवर. पाठीवर परीटघडीचा पांढरा लांब कोट, इतका ताठ बसलेला की एक सुरकुती नाही. इतका चांगला पडदा मला शाळेनं कधी दिला नव्हता.

मी झेंडूची माळ बाजूला केली. स्क्रू सैल केला, नळी वर उचलून सूर्याकडे फिरवली. अप्पांच्या कमरेवर उजेडाचा एक तुकडा पडला, वर चढला, पाठीच्या मधोमध आला. मी भिंग जरा मागेपुढे केलं आणि सूर्य स्पष्ट झाला. नव्या तुकड्यामुळे बाजू उलटल्या होत्या. नेहमी जी कड डावीकडे असायची ती उजवीकडे होती. मी मनात सगळं फिरवून घेतलं आणि ती कड शोधली.

मधल्या पट्ट्यात, अगदी कडेला, एक काळा ठिपका आत आला होता. दुसरा जिथे दिसायला हवा ती जागा स्वच्छ होती. मी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मधला फेरी मारून आला होता. वरचा अजून सूर्याच्या पाठीमागे कुठेतरी वाटेत होता.

"मास्तर," अप्पा न वळता म्हणाले, "पाट का तापतीया?"

"अप्पा, जरा हलू नका."

तिळगुळासाठी पुढे केलेला हेडमास्तरांचा हात तसाच राहिला. चेअरमनला हलू नका म्हणणारा मास्तर त्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. पण अप्पा खरंच हलले नाहीत. ताट धरून, श्वास रोखून ते उभे राहिले. मी खिशातली पेन्सिल काढली आणि त्यांच्या कोटावर बिंबाची कड काढली, त्यावर तो ठिपका काढला, आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली. तोवर सूर्य त्यांच्या पाठीवरून सरकत कडेला गेला आणि निसटला.

मी घरी पोचलो तेव्हा बायको दारात उभी होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय, सापडला का?"

"सापडला. मधला आधी आला."

तिला त्यातलं काही कळलं नसावं, पण मला आनंद झालाय एवढं कळलं, आणि तीही हसली. "मग कुठेतरी नीट लिहून ठेवलंत ना? नाहीतर विसराल."

"लिहिलंय की. अप्पांच्या कोटावर."

तिनं पुन्हा कपाळाला हात लावला. या वेळी स्वतःच्या.